दुपारी गोठणारं गाव

हसणार नाही असं आधी कबूल करा, मगच सांगते.

वर्गात मी हजेरी देते ती शेजारणीलाही ऐकू जात नाही. अशी मी, आणि भरल्या सभागृहात माईक घेऊन उभी! कशासाठी? एका गेमच्या दिग्दर्शकासाठी.

हे नितीनसर मूळचे एरंडोलकडचे. त्यांच्या गेममध्ये आपण हरवलेली बकरी शोधत एका खेड्यात फिरतो. त्यातलं एकेक झाड, एकेक कौल त्यांनी स्वतः काढलंय. कोंबड्यांचे आवाजसुद्धा गावोगाव फिरून रेकॉर्ड केलेत. आणि खेळणाऱ्यांनी त्यांना काय दिलं? शिव्या. सर वैतागून गेम बंद करणार, अशी कुजबुज होती. मला तर घास गोड लागेना.

तेवढ्यात धुळ्यात, देवपूरच्या एका कॉलेजात ते बोलायला आले. मी आणि माझी मैत्रीण पल्लवी पुढेच बसलो. भाषण संपलं न संपलं तोच मागून एक दादा उठला.

"सर, दुपार झाली की तुमचं अख्खं गाव जागच्या जागी गोठतं. बकरीचं विचारायचं कोणाला?"

सर मान खाली घालून म्हणाले, "त्याचं असं आहे..."

तो चेहरा मला बघवेना. मी उठून माईक घेतला.

"दादा, तुम्ही धुळ्याचेच ना? मे महिन्यात दुपारी तुम्ही तरी कुठे हलता?"

सभागृह हसलं. मग काय विचारता, मला जोरच चढला. कोंबडी एक पाय वर धरून उभी राहते, ती का? जमीन पोळते म्हणून. गेममधले म्हातारे आबा खाटेवर न टेकता वीतभर वर तरंगतात, ते का? अहो, खाट तापलेली असते! एवढा बारकावा आजवर कोणी दाखवलाय का, असं मी ठणकावून विचारलं. शेजारचे एक नाना म्हणाले, "पोर खरं सांगी राहिनी." टाळ्या पडल्या. दादा गपकन खाली बसला.

सर मात्र माझ्याकडे बघतच राहिले.

"ताई, तो बग आहे," ते हळूच म्हणाले. "माझ्याच कोडमधली चूक. काही केल्या सापडत नाहीये, हेच कबूल करत होतो. आबांना मी खाटेवरच बसवलं होतं."

पल्लवीनं ओढणी तोंडात कोंबली. मला मात्र तोंड लपवायला जागा नव्हती.

पण सर हसायला लागले, ते थांबेचनात. म्हणाले, "आता गेम बंद नाही करत. आणि ही चूकही काढत नाही."

शब्द पाळला त्यांनी. नव्या अपडेटमध्ये गाव दुपारी तसंच गोठतं. फक्त निंबाखाली दोन वेण्यांची एक मुलगी उभी असते. जवळ गेलात की ऊन, कोंबडी, आबा, सगळं समजावून सांगते. मध्येच थांबवता येत नाही.

गोठलेल्या गावाबद्दल आता कोणी कुरकुरत नाही. तक्रार एकच उरलीय, की ती पोरगी फार बोलते, तिला काढा.

खरं सांगू? मीसुद्धा तिला चुकवून मागच्या गल्लीनं जाते.