उजळ फोटो

आमच्याकडे लग्नाचा फोटोग्राफर चांगला कुणाला म्हणतात, तर नवरी तिच्या सख्ख्या आईला ओळखू येऊ नये इतकी गोरी काढतो त्याला. लोणावळ्याच्या बाजारात माझा छोटा स्टुडिओ आहे, आणि इतकी वर्षं या धंद्यात काढून मी हेच शिकलोय. कॅमेऱ्यावर विजेची खूण असलेलं एक बटण असतं. ते दाबून चकती फिरवली की फ्लॅशचा उजेड कमी-जास्त करता येतो. अधिककडे नेला की सावळा चेहरा पिठात बुडवून काढल्यासारखा होतो. उणेकडे नेला की माणूस माणसासारखं दिसतं, पण मग अल्बम बघून नवरीची मावशी नाक मुरडते, "पोरगी अशी काळवंडली कशानं वो?"

मला या प्रकाराची मनापासून चीड आहे. त्याला कारण माझी धाकटी बहीण.

ती आईच्या वळणावर गेलेली, सावळी आणि देखणी. कुरवंड्याहून कॉलेजला यायची, ते सुटलं की स्टुडिओत येऊन बसायची. कॅमेरा तिनं बघता बघता शिकून घेतला. लग्नात माझ्याबरोबर असली की मागून ओरडायची, "दादा, कमी कर की फ्लॅश, नवरीचे आबा डोळे मिटतायत." कुणाला किती उजेड सोसतो हे तिला माझ्याआधी कळायचं. फक्त स्वतःच्या बाबतीत ही अक्कल कुठं जायची देव जाणे.

तिला स्थळं बघायला सुरुवात झाली तेव्हा आत्यानं फर्मान सोडलं, "फोटू जरा उजाळ काढ रं. बाकीचं आमी बघतो." मी ऐकलं नाही. फ्लॅश अगदी मंद ठेवून तिला दाराजवळच्या स्टुलावर बसवलं आणि एक फोटो काढला. हसायच्या आधी तिच्या ओठांचा एक कोपरा हलायचा, तो त्यात नेमका आला होता. तिनं स्क्रीनवर पाहिलं आणि म्हणाली, "दादा, हा बघून कोण येणारय?" कॅमेरा माझ्या हातातून काढून घेतला, तो फोटो उडवला, चकती स्वतः पार अधिकच्या टोकाला नेली आणि परत स्टुलावर जाऊन बसली. मी वैतागून बोलायला लागलो, तर म्हणाली, "तू नुसतं बटण दाब."

तो पांढराफटक फोटो आंबी गावच्या एका स्थळाकडे गेला आणि लग्न जमलं. मुलगा कंपनीत कामाला, सरळ स्वभावाचा. बघायला आला तेव्हा तिला म्हणाला, फोटोपेक्षा तुमी समोर चांगल्या दिसता. हे ती मला किती खुशीत सांगत होती! तरी लग्नात फोटोग्राफरला तिनं फ्लॅश वाढवायला लावलाच. मी करवला म्हणून मिरवत होतो, कॅमेरा दुसऱ्याच्या हातात होता. नंतर मोबाइल आला, तर त्यातही चेहरा उजळ करणारा फिल्टर कायमचा लावून ठेवलेला.

तिची मुलगी रांगत होती तेव्हा बहिणीला कावीळ झाली. ती त्यातून उठलीच नाही.

मी तिचे सगळे फोटो गोळा केले. कॉम्प्युटरवर बसून उजेड खाली ओढून पाहिला. पण फ्लॅशनं चेहऱ्याचा जो भाग जाळला, तिथं कॅमेऱ्यात काही उतरलेलंच नसतं. खाली ओढलं की पांढऱ्याचं राखाडी होतं, एवढंच. माझा धंदा फोटोचा, आणि माझ्या बहिणीचा एकही फोटो तिच्यासारखा नाही. याचा राग मी कुणावर काढू? आत्यावर काढून झाला. तिच्यावर काढायला ती नाही.

भाची आमच्याकडेच वाढते. तिचे वडील सुट्टी मिळाली की येतात. यंदा शाळेनं ओळखपत्रासाठी फोटो मागितला म्हणून माझी आई तिला घेऊन स्टुडिओत आली. मी तिला त्याच स्टुलावर बसवलं, फ्लॅश मंद केला आणि फोटो काढला. स्क्रीनवर बघितलं. तोच रंग, आणि ओठांचा तोच हललेला कोपरा.

"बघ," मी तिला म्हणालो, "तू अगदी आईसारखी दिसतेस."

तिनं मान हलवली. "न्हाई मामा. आई गोरी व्हती. घरी भितीवर हाय की फोटू."

"आगं, तुझ्यावानीच व्हती ती," माझी आई म्हणाली. "मी जन्म दिला तिला, मला म्हाईत न्हाई व्हय?"

"तुमी उगंच म्हंता," ती म्हणाली. आपली समजूत घालताहेत हे कळलेल्या मोठ्या माणसासारखी बोलली. मग माझी बाही ओढून हळूच म्हणाली, "मामा, मला आईसारखी काढ ना."

ते माझ्या हातात होतं. चकती थोडी फिरवायची, बस. माझ्यानं झालं नाही. मी तोंड फिरवून उभा राहिलो, आणि आईनं तिला पदराखाली घेतलं.

ओळखपत्रावर मी तो मंद फ्लॅशचाच फोटो लावला. त्याची एक मोठी प्रत काढून माझ्या खणात ठेवली आहे. बहिणीची आठवण अनावर झाली की ती बघतो. भाची मात्र शाळेत निघताना ते ओळखपत्र गळ्यात घालते आणि फोटोची बाजू छातीकडे वळवून घेते.