येते हं

ख्राइस्टचर्चच्या बाहेर आम्ही भाड्याने घेतलेल्या घराला चारी बाजूंनी बाग होती. फोनवर पुण्यात सांगितलं की सगळे म्हणायचे, मजा आहे बुवा तुझी. नवरा एकुलती एक गाडी घेऊन हॉर्नबीला कामावर गेला की त्या मजेत उरायचे मी आणि झाडाखाली सडणारे प्लम. जॅम तरी किती करणार, आणि खाणार कोण?

एका सकाळी बादलीभर प्लम घेऊन शेजारच्या म्हातारीकडे गेले. शेजार म्हणजे अख्खं कुरण ओलांडून. तीही एकटीच राहायची. तिने चहा केला, बिस्किटं पुढे केली. निघताना मी म्हटलं, "ओके, आय विल कम." आपल्यात निघताना 'जाते' म्हणत नाहीत, 'येते' म्हणतात. त्याचंच मी सरळ इंग्रजी करून टाकलं होतं.

घरी येऊन कपडे वाळत घातले, भाजी चिरली. संध्याकाळी लक्षात आलं, बादली तिकडेच राहिली. ती आणायला परत गेले तर दार उघडंच होतं. टेबलावर माझा कप धुऊन पुन्हा मांडलेला होता, किटलीत पाणी भरून तयार होतं.

"आलीस. मला वाटलं, विसरलीस," ती म्हणाली.

बादली दाराशीच होती. बादलीचा विषय न काढता मी खुर्ची ओढून बसले. खिडकीतून नवऱ्याची गाडी वळताना दिसली, तेव्हा उठले. 'येते' म्हटलं आणि बादली तिथेच राहू दिली.