फ्रीझरताईंचं एकोणीस वर्षांचं रक्त

प्रयोगशाळेत त्यांना सगळे फ्रीझरताईच म्हणत. उणे ऐंशी अंशांचे दोन फ्रीझर आणि त्यांत रक्ताच्या अकरा हजार कुप्या, हा त्यांचा एकोणीस वर्षांचा संसार. नवरा चेष्टा करायचा, "घरचं दूध नासलं तरी चालेल, तिकडचं रक्त नासता कामा नये." त्यात खोटं काही नव्हतं. वीज गेल्याचा फोन आला की ताई भरल्या ताटावरून उठत.

रक्त होतं गरोदर बायकांचं, पुढे कधीतरी जीवनसत्त्वं मोजायची म्हणून राखलेलं. ते 'पुढे कधीतरी' काही उगवलं नाही. उगवल्या त्या नव्या विभागप्रमुख, वयानं ताईंहून बऱ्याच लहान आणि बोलायला सडेतोड.

"ताई, राग मानू नका. इतक्या वर्षांत व्हिटॅमिन टिकलं असेल कशावरून? जागा हवीय. टाकून देऊ या सगळं."

ताईंच्या मनात आलं, म्हणजे आपण एकोणीस वर्षं कचराच सांभाळला की काय? पण रडत बसणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या.

"सी गेलंच असेल, ते मीच सांगते. पण ए, डी, ई असणार. चारशे बायकांचं रक्त ताजं असतानाच मोजलं होतं, आकडे वहीत आहेत. त्यांच्याच तेव्हा गोठवलेल्या जोडीच्या कुप्या काढून देते. मोजा, आणि मग खुशाल टाका."

मॅडमनी त्यांतले चाळीस क्रमांक स्वतः निवडले. ताईंनी यादीवरून नजर फिरवली आणि चार क्रमांकांवर लाल खूण केली.

"या चारांत ई घसरलेलं निघेल. यांचा रॅक रात्रभर टेबलावर राहिला होता."

"कुणी ठेवला?"

"मीच. बारा वर्षं झाली. लेकीला ताप होता, घाईत विसरून गेले."

'आत्तापासूनच सबबी,' असं मॅडमच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलं होतं. ताईंनी ते वाचलं आणि कुप्या काढायला लागल्या.

दहा दिवसांनी निकाल आला. सी नावालाही उरलं नव्हतं. छत्तीस कुप्यांत ए, डी, ई जुन्या आकड्यांशी जुळत होतं. चारांत ई पार घसरलं होतं, आणि ते नेमके लाल खुणेचे चार.

मॅडम वही घेऊन फ्रीझरपाशी आल्या. बारा वर्षांपूर्वीच्या पानावर रॅकचा क्रमांक, तारीख आणि 'माझ्या चुकीने वितळला' एवढंच, खाली सही.

"ताई, फ्रीझर कुठेही जात नाहीत. जागा मी दुसरीकडे मागितलीय. या चार कुप्यांनी बाकीच्यांवर भरवसा बसवला." त्यांनी पानावरच्या तारखेवर बोट ठेवलं. "पण तेव्हा तर तुमची नोकरी कच्ची होती. वितळलेलं परत गोठवलं की दिसायला सारखंच. लिहिलं नसतं तर कुणाला कळलं असतं?"

"कुणालाच नाही," ताई म्हणाल्या. "म्हणून तर लिहिलं."