पालीचा गृहप्रवेश

लग्न होऊन कागलहून उचगावला आले तेव्हा माझ्याबरोबर कपाट, पलंग आणि काचेच्या पेटीत बसून एक पाल आली. भिंतीवरची नव्हे, पिवळी, ठिपक्यांची, लेपर्ड गेको म्हणतात ती. नवऱ्याकडे आधीपासूनच बिअर्डेड ड्रॅगन होता. हातभर लांब सरडा, गळ्याखाली काटेरी दाढी. आमची ओळखच मुळी सरडे पाळणाऱ्यांच्या ग्रुपवर झालेली.

सासूबाईंना दोन पेट्या खटकल्या. "लगीन तुमचं झालं, मग ह्यांची बिऱ्हाडं येगळी कशाला? पावणं काय म्हणतील?"

मी समजावलं. माझी पाल दिवसा झोपते, ड्रॅगनच्या डोक्यावर दिवसभर दिवा लागतो. त्याला कडक ऊन हवं, तिला आडोसा. शिवाय तोंडात मावेल ते तो गिळतो.

"माणसाचं तरी कुठं समदं जुळतंय?" त्या म्हणाल्या. नवरा मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेला. सासू-सुनेच्या मधे पडायचं नाही हा त्याचा बाणा. अशी चीड आली मला त्याची!

त्याच आठवड्यात आम्ही जोडीनं जोतिबाला गेलो. इकडे सासूबाईंनी शेजारणींना चहाला बोलावलं, पेटीला हळदकुंकू लावलं आणि माझी पाल उचलून ड्रॅगनच्या घरात सोडली. त्यानं दाढी काळी केली, मान जोरजोरात वरखाली हलवली. ही त्याची धमकी. सासूबाई मात्र हरखल्या. "बघा, व्हय म्हणतोय की! पसंत हाय त्याला." एका शेजारणीनं पालीच्या वतीनं उखाणाही घेतला म्हणे. तो संपायच्या आत ड्रॅगन झेपावला, पालीची शेपटी तुटली आणि एकटीच पेटीभर नाचू लागली. बायका चहा टाकून पळाल्या.

आम्ही प्रसाद घेऊन आलो तेव्हा पाल एका कोपऱ्यात टोपलीखाली थरथरत होती. मी ओरडले. हळद उतरली नव्हती अजून, तरी घर डोक्यावर घेतलं. सासूबाईंनी पदरानं पेटीवरचं हळदकुंकू पुसून काढलं.

पाल पुन्हा तिच्या पेटीत गेली, पण खाईना. तिची साठवलेली चरबी शेपटीतच होती. आता खाल्लं नाही तर ती जगणार नव्हती. मी किडे दाखवून दाखवून रडकुंडीला आले. ती बघायचीसुद्धा नाही.

एका संध्याकाळी भाकरी आटपून बाहेर आले, तर सासूबाई पालीच्या पेटीपुढं मांडी घालून बसलेल्या. नाकाला पदर, हातात माझा भुवया कोरायचा चिमटा आणि चिमट्यात वळवळणारी अळी.

"खा गं बाई," त्या पालीला सांगत होत्या. "मला बी ह्या घरात आणलं तवा घास उतरत न्हवता. सासू, दोन जावा, दीर, समदी एकाच खोलीत. चूक झाली माझी. खा."

पालीनं मान पुढं केली, अळी हुंगली आणि झटक्यात गिळली. मला हसू आलं आणि डोळे भरून आले. मी अळ्यांचा डबा त्यांच्यापुढं सरकवला.

त्यांनी वळून पाहिलं नाही. दुसरी अळी चिमट्यात धरत म्हणाल्या, "तुला निदान परत जायाला येगळी पेटी तरी हुती."