बिलियर्डच्या खोलीबाहेर

२००४ च्या मार्चमध्ये माझी बायको गेली. मेमध्ये मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, आता घर सेल करून टाका."

अमेरिकेत आम्ही राहतो त्या अ‍ॅशबर्नजवळ एक जुना बंगला आहे. त्या जागी पूर्वी ख्रिस्ती मठ होता. साधू निघून गेल्यावर कुणा श्रीमंताने सुट्टीत राहायला हा बंगला बांधला. एक निवृत्त मराठी डॉक्टर रविवारी लोकांना तो हौसेने दाखवत. बिलियर्डच्या खोलीशी आले की ते बूट काढत, कारण साधूंची प्रार्थनेची जागा तीच, असं ते सांगत. अमेरिकन मंडळीही नियम समजून निमूटपणे काढत. आम्ही दोघं गेलो की मोज्यांतली ती वरात पाहून बायकोला हसू आवरायचं नाही.

"डॉक्टर, देव कधीच उठून गेले हो इथून!"

"जाऊ देत, वहिनी. जागा तर तीच आहे ना?"

जूनमध्ये मी एकटा गेलो. बाहेर नवा फलक होता: प्रार्थनागृह आताच्या पार्किंगच्या जागी होतं. डॉक्टरांनी तो सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवला आणि बिलियर्डच्या खोलीशी येऊन पुन्हा बूट काढले.

"आता कशाला, डॉक्टर?"

"वहिनी हसायच्या त्या इथेच ना?"

मीही काढले.

घर अजून विकलेलं नाही.