भीमाबाईचा पी. पी. नंबर

सरकारनं आठ वर्षं वाट पाहायला लावून मला फोन दिला आणि आठ दिवसांत तो गल्लीचा झाला. माझ्या वाट्याला उरलं ते फक्त उचलणं.

ही सगळी करणी आमच्या ताराबाईंची, म्हणजे माझ्या बायकोची. लाइनमन ते काळं धूड स्टुलावर ठेवून गेला, त्याच संध्याकाळी ही फाटकात उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, "आमचा नंबर द्या ना कोणालाही! संकोच करू नका." कोणीही केला नाही. लग्नपत्रिकेत, दुकानाच्या पाटीवर, नोकरीच्या अर्जात, जिथं तिथं आमचा नंबर आणि त्यापुढे दोन अक्षरं, पी. पी.; म्हणजे फोन शेजाऱ्याचा, निरोप ज्याचा त्याचा. आणि मध्ये पळणार कोण? मी. रिटायर माणूस, त्याला दुसरं काम काय! चौतीस वर्षं ऑफिसात मी घंटी वाजवली की शिपाई धावत यायचा. आता घंटी वाजते आणि मी चपला शोधत धावतो. "चंद्रभान, अरे तुझ्या साल्याचा फोन!"

त्यात सदरमधल्या ओमप्रकाश टायरवाल्याचा नंबर आणि आमचा, फरक एका आकड्याचा. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं! रोज कोणीतरी विचारणार, "ट्रॅक्टर का टायर आया क्या?" दोन महिने मी सभ्यपणे राँग नंबर म्हणालो. मग "परसों आएगा" म्हणायला लागलो. माझ्या भरवशावर किती ट्रॅक्टर उभे राहिले असतील, देव जाणे. आणि तो "हॅलो"! इकडून हॅलो, तिकडून हॅलो, सात वेळा हॅलो झाल्यावर माणूस विचारतो, "कोन बोलून राहिलं?" अरे, फोन तू केलास, तू सांग ना बाप्पा!

झोपेतसुद्धा सुटका नव्हती. मी टॉवेल गुंडाळून सदरच्या भर रस्त्यातून पळतोय आणि ज्याचा फोन आलाय त्याचं नावच आठवत नाही, असं एक स्वप्न मला आठवड्यातून दोनदा पडायचं.

पण स्वप्नांच्या बाबतीत माझी काय बिशाद! तो प्रांत भीमाबाईचा. ती आमच्या मागच्या बोळीत राहायची. संत्रा मार्केटात पेट्या भरायला जायची. नवरा दादाजी मिलमध्ये. तो दिवसाला चार शब्द बोलायचा, उरलेले सगळे ही बोलायची. तिचं कॅलेंडर एकच, छप्पन सालच्या धम्मदीक्षेच्या आधी आणि दीक्षेनंतर. थोरली प्रेमिला दीक्षेनंतर चार वर्षांनी झाली, धाकटी जया त्यानंतर पाच वर्षांनी, आणि आमचा फोन? "दीक्षेनंतर चोवीस वर्सांनी आला पाहा, भाऊ." जसा काही तोही हिच्याच पोटचा.

नरखेडहून तिच्या भावाचा, लहानूचा, ट्रंक कॉल यायचा तेव्हा ती नरखेडच्या दिशेला तोंड करून बोलायची. बोलायची कसली, ओरडायची. मी म्हणालो, "भीमाबाई, तोंड कुठंही कर, आवाज तारेतून जातो." ती म्हणाली, "तार तं तिकडंच जाते ना, भाऊ?" तीन मिनिटांतली दोन संत्र्याला पाणी दिलं का, यात जायची. तिसऱ्या मिनिटाला ती लहानूला रात्रीचं स्वप्न सांगायला घ्यायची आणि लाइन कटायची. मग उरलेलं स्वप्न मला ऐकावं लागायचं.

एक्क्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात प्रेमिला बी.एस्सी. झाली. बोळीतली पहिली. कळमेश्वरच्या एमआयडीसीतल्या एका औषधाच्या कारखान्यात लॅबमध्ये जागा निघाली. मुलाखत त्यांच्या सदरच्या ऑफिसात झाली आणि तिथल्या बाबूनं पोरीला सांगितलं, "तुझं पहिलं नाव आहे. गुरुवारपर्यंत फोन करतो. फोन लागला नाही तर पुढच्या मुलीला बोलावणार, आम्हाला घाई आहे." अर्जात नंबर कोणाचा, हे सांगायला नकोच.

झालं! सोमवारपासून भीमाबाईनं मार्केटला जाणं सोडलं आणि आमच्या व्हरांड्यात ठाण मांडलं. तिथं खुर्ची होती. बसली मात्र जमिनीवर, फोनकडे तोंड करून. प्रेमिला बिचारी दिवसभर शिकवण्या करायची, पहारा आईकडे. रिसिव्हर नीट बसला नसला तर घंटी वाजत नाही, हे लाइनमननं तिला कधीतरी सांगितलेलं. मग दर तासाला आत येऊन रिसिव्हर दाबून बघणार. माझा पेपर वाचणं खतम, माझी झोप खतम. बुधवारी सकाळी चहाच्या कपाबरोबर तिचं स्वप्न आलं.

"भाऊ, मले रात्री सपन पडलं. फोन वाजून राहिला, वाजून राहिला, अन् तुमी उचलूनच नाई राहिले."

आता काय म्हणावं! हिच्या स्वप्नातही मीच नोकर, आणि वर कामचुकार! मी कप आदळला.

"भीमाबाई, उद्या तू मार्केटला जा. मी घरी आहे, मी फोन उचलतो, मी निरोप आणून देतो. माझा शब्द आहे. पण इथं बसू नको, बाई, हात जोडतो!"

ती उठून उभी राहिली. मग म्हणाली, "उचलजा बरं, भाऊ." आणि गुरुवारी खरंच गेली.

गुरुवारी ताराबाई महिला मंडळात. मी एकटा. नऊला टायर. साडेनऊला चंद्रभानचा साला. दहाला धोंडबाची बहीण वर्ध्याहून, धोंडबा सापडेना, तो न्हाव्याकडे. त्याला अर्ध्या दाढीनं आणला. अकराला टायर. बाराला कोणा भैय्याजीसाठी फोन, ते गल्लीत कोणाच्याच ओळखीचे निघाले नाहीत. एकला पुन्हा टायर, आणि तो माणूस मलाच शिव्या द्यायला लागला, परवा-परवा करता म्हणून. बाहेर मे महिन्याचं ऊन, मी घामानं निथळलेलो, डोकं भणभणतंय. दोन वाजता कूलरसमोर आडवा झालो आणि पुन्हा घंटी. उचलला. "हॅलो, टायर..." मी रिसिव्हर आपटला नाही. स्टुलावर बाजूला काढून ठेवला. दहा मिनिटं. दहा मिनिटांत कोणाचं राज्य बुडत नाही!

जाग आली तेव्हा पाच वाजले होते. धडपडत उठून पाहिलं तर रिसिव्हर जागेवर. मी चक्रावलो. म्हणजे आपण तो काढलाच नव्हता? झोपेतच काढला? एवढी स्वप्नं ऐकून ऐकून माझंही डोकं फिरलं, म्हणालो, आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं.

तेवढ्यात भीमाबाई फाटकात. "फोन आला का, भाऊ?"

"नाही आला," मी म्हणालो. खोटं कुठं होतं ते? तिनं एकवार आत फोनकडे पाहिलं आणि गेली.

शुक्रवारी सकाळी ती आली नाही. चहा आला, स्वप्न नाही. वर्षभर ज्यासाठी नवस करायचा तेवढा बाकी होता, ते घडलं आणि मी चहा तसाच ठेवला. शेवटी सायकल काढली आणि सदर गाठलं.

तिथला बाबू, मधुसूदन नाव त्याचं, भला माणूस होता. रजिस्टर उघडून दाखवलं. "काका, काल पावणेतीनला दोनदा लावला. एन्गेज. मग यादीतल्या पुढच्या मुलीला लावला. तिचा लागला. आज सकाळी ती कळमेश्वरला जॉइन पण झाली."

"एक दिवस थांबता आलं नसतं?" मी आवाज चढवला.

"मुलीला आधीच सांगितलं होतं, काका."

त्यानं सांगितलं होतं. मलाही माहीत होतं. दहा मिनिटांत राज्य बुडत नाही म्हणे! येताना रस्ताभर मी स्वतःला अशा शिव्या घातल्या की टायरवाल्या गिऱ्हाइकानं कान धरले असते. आधी वाटलं, गप्प बसावं, कोणाला कळतंय? पण सायकल आपली सरळ मागच्या बोळीत वळली. एवढ्या वर्षांत त्या घरी मी पहिल्यांदाच गेलो.

भीमाबाई दारात गहू निवडत होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. रिसिव्हर, झोप, पावणेतीन, सगळं. तिनं सुपातून मान वर केली नाही.

"मले माईत हाये, भाऊ."

"काय माहीत आहे?"

"मार्केटात मन लागून नाई राहिलं, म्हनून तीन वाजता आली होती मी. तुमचं दार लोटलेलं. तुमी घोरून राहिले, अन् रिसिव्हर बाजूले. मीच ठेवला वापस जागेवर."

"मग काल मला विचारलंस कशाला?"

"तुमी सांगान असं वाटलं."

"अगं, मग उठवायचं होतंस मला! गदागदा हलवायचं होतंस! भांडायचं होतंस!" मी ओरडलोच. तिच्यावर कशाला ओरडत होतो, काय माहीत.

तिनं सूप खाली ठेवलं. माझ्याकडे पाहिलं. आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं.

"कशी भांडू, भाऊ? प्रेमिलाचं तं गेलं. तुमी चिडून नंबर बंद केला असता, तं उद्या माह्या जयानं अर्जात कोनाचा नंबर लिहाचा?"