तीन पट्ट्या खाली

माझ्या गळ्यात गाणं नव्हतं, कानात होतं. गाणाऱ्या बायकांच्या घरात या गुणाला कुणी विचारत नाही. मावशी म्हणायची, "हिला सूर कळतो, पर सूर काय हिला वळखत न्हाय," आणि आई पोट धरून हसायची. त्यामुळे विशी उलटली तरी माझ्याकडे एकच काम होतं, मावशीची वाद्यं लावून द्यायची. दोन तानपुरे आणि स्वरमंडळ. स्वरमंडळ ती मांडीवर घेऊन गाता गाता छेडायची. तीसेक तारांचं ते लाकूड. राग बदलला की सगळ्या तारा पुन्हा लावायच्या. चावी पिळून पिळून माझ्या बोटाला घट्टा पडला होता.

मावशीनं काय गायलं नाही? तरुणपणी बायकांच्याच एका नाटक मंडळीत ती नायिका होती, आणि नायक झालेल्या बाईचा घसा बसला की मिशा चिकटवून नायकही. मंडळी बुडाली तशी ती सोलापुरात परत येऊन बैठकी करू लागली. ख्याल-ठुमरी तर होतीच, पण लिंगायत व्यापाऱ्यांकडे कानडी वचनं, विणकरांच्या लग्नात तेलुगू पदं, कुणी खाँसाहेब आले तर गझल. ऐकणाऱ्याला वाटायचं, ही आपल्यातलीच. ज्या घरांत तिचं गाणं चालायचं त्याच घरांत तिच्या हातचं पाणी चालत नसे, ही गोष्ट वेगळी. मला त्याचा राग यायचा. तिला येत असला तरी तिनं कधी दाखवला नाही.

तिचा सगळा ताठा एकाच गोष्टीत होता, तिच्या पट्टीत. काळी पाच. पेटीवरची ही पट्टी बायकांनाही उंचच पडते. मावशी त्या पट्टीत वरच्या षड्जावर जायची आणि तिथं निवांत बसायची.

मग तिला विषमज्वर झाला. दीड महिना ती अंथरुणाला खिळून होती. केस गेले ते परत आले, पण आवाजाचं वरचं टोक काही आलं नाही. बरी झाल्यावर पहिल्यांदा गायला बसली आणि वरच्या षड्जाशी आवाज टर्रकन फाटला. तिनं स्वरमंडळ बाजूला ठेवलं, भिंतीकडे तोंड करून निजली आणि दोन दिवस अन्नाला शिवली नाही.

तिसऱ्या दिवशी आईनं मला चुलीपाशी बोलावलं. "पेटीवरनं सूर घिताना एक पट्टी खाली घे की," ती हळूच म्हणाली. "तिला काय कळतंय?"

पेटी मावशीला आवडत नसे, साथीला ती कधी घ्यायची नाही. सूर काढण्यापुरती ती मीच उघडत असे. मी काळी पाच सोडून पांढरी सहा धरली आणि सगळ्या तारा तेवढ्या उतरवल्या. मावशी गायली. वर पोचली. डोळे पुसत बाहेर आली आणि भाकरी मागितली. "आलं गं परत," म्हणून तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. मला इतका आनंद झाला की मी परड्यात जाऊन रडले.

पुढच्या दोन वर्षांत मी आणखी दोनदा पट्टी उतरवली. काळी चार, मग पांढरी पाच. तबलजी चाचांपासून हे लपणं शक्यच नव्हतं, त्यांनाही तबला त्याच सुरात लावावा लागायचा. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मुकाट्यानं दुसरा तबला आणला. जाताना जिन्यात म्हणाले, "बोलू नक्को, बेटी. गाने दे उसकू."

बोलपटांनी नाटकवाल्यांना घरघर लावली ते दिवस. एका मंडळीचा मुक्काम सोलापुरात पडला होता आणि त्यांची गाणारी बाई बोलपटात निघून गेली होती. मॅनेजर आमच्या घरी आले. तालमीत गाणं पटलं तर मावशीनं इथून पुढे मंडळीबरोबर फिरायचं, असं बोलणं झालं. उठता उठता त्यांनी विचारलं, "ऑर्गनवाल्याला पट्टी कोणती सांगू, बाई?"

"काळी पाच," मावशी म्हणाली. "जल्मात बदलली न्हाय ती."

मी चहाचे कप उचलत होते. तेव्हाच बोलायला हवं होतं. आईनं माझ्याकडे पाहिलं, मी कपांकडे पाहिलं. तालमीला आठ दिवस होते आणि आठही दिवस मावशी घरभर पदं गुणगुणत फिरत होती. ट्रंकेतला शालू तिनं उन्हात टाकला. "तुला बी संगं नेणार," म्हणायची. रोज सकाळी मी ठरवायची, आज सांगायचं. रोज कच खायची.

दुपारची वेळ होती, थिएटरचे पत्रे तापले होते. ऑर्गन सुरू झाला. मावशीनं पद धरलं, वर गेली आणि आवाज फाटला. तिनं पाणी मागितलं. पुन्हा गेली, पुन्हा फाटला. मागं कुणीतरी खोकल्यात हसू दाबलं.

मॅनेजर भला माणूस होता. "उन्हाचे दिवस आहेत, बाई. पट्टी जरा उतरवू." ऑर्गनवाल्यानं पांढरी सहा दिली. जमलं नाही. काळी चार दिली, तरी आवाज वर अडखळला. मग त्यानं पांढरी पाच दिली आणि मावशीचा आवाज असा लागला की हसणारेही गप्प झाले. मॅनेजर उभे राहून "वाहवा!" म्हणाले.

ती मध्येच थांबली. गळ्याला ही पट्टी रोजची, घरातलीच होती, अगदी कालच्यासारखी. तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"हीच ठेवू की! काय बिघडलं?" मॅनेजर म्हणत होते. खरंच काही बिघडलं नव्हतं, काम तिचंच होतं. तिनं हात जोडले, "माफी असावी," म्हणाली आणि चालू लागली.

घरी आल्यावर तिनं विचारलं, "किती दिस चाललंय?"

"दोन वर्सं."

"आक्काला ठाव हाय?"

"आईनंच सांगितलं."

"चाचांना?"

"व्हय."

"आन् ऐकायला येनाऱ्यांना?"

"ज्यांना कान हायत त्यांना कळलंच असंल," मी म्हणाले. हे वाक्य मला आजही परत घ्यावंसं वाटतं.

आई रडायला लागली, तुझ्या जिवासाठी केलं म्हणाली. मी पाय धरले. मावशीनं ते सोडवून घेतले. "आवाज काय, जातोच," ती म्हणाली. "पर समद्यांना ऐकू आलं आन् मलाच न्हाय."

मॅनेजर दोनदा येऊन गेले, ती भेटली नाही. शिकायला येणाऱ्या मुलींना तिनं दारातूनच परत पाठवलं, "मला सूर कळत न्हाय, बायांनो." त्यानंतर ती नऊ वर्षं जगली, एकदाही गायली नाही. रस्त्यानं वरातीची सनई गेली किंवा शेजारी ग्रामोफोन लागला की ती माझ्याकडे वळून विचारायची, "सुरात हाय का गं?" मी खरं तेच सांगायची. ती ऐकून घ्यायची, आणि मग तेच आईला विचारायची.